इतिवृत्त

पालकसभा दोनदा ठेवली दुपारी दोनला.
दोन्ही वेळा मी, हेडमास्तर
आणि खिचडीचं पातेलं, एवढेच हजर.
गाव वेचणीला गेलेलं.

पंचफुलाबाई पातेलं घासता घासता म्हणाली,
"सर, रातच्याले ठेवा न. कापूस मोजून झाल्यावर.
कोन नाई येत ते मी पायतो."

म्हणून ही सभा रात्री आठला,
पटांगणात, पऱ्हाटीच्या शेकोटीभोवती,
युरियाच्या रिकाम्या पोत्यांवर.
बाया आल्या तशाच आल्या,
केसांत कापसाचे तंतू, बोटांवर बोंडांचे ओरखडे.
माणसं कमी. शेताची लाईन रात्रीच येते,
ती पाणी द्यायला गेलेली.

रजिस्टर चौथीतल्या रविनाकडे दिलं,
तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं.
म्हटलं, जो जे बोलेल ते लिही.
चूक माझीच.
तिनं जो जे बोलेल ते लिहिलं.

"विषय एक. पोरींच्या संडासाले दार नाही.
देवानंदकाका म्हणाले, सरपंचाले सांगा.
शेवंताकाकू म्हणाली, सरपंचाले काय इथं मुताले यायचं हाये?
सगळे हसले. सर पण हसले, मंग खोकलले.
माझी माय म्हणाली, पोट्ट्या पाळीपाळीनं पोतं धरून उभ्या रायतात,
म्हनून रविना सकाळपासून पाणी पीत नाही.
हे मी कोणाले सांगतलं नव्हतं.
मायले कसं कळलं माहीत नाही.
मंग कोणीच बोललं नाही.
कुत्रं भुकलं.
हसनचाचा म्हणाले, माझ्याकडं पत्रा पडून हाये, वेल्डिंग फुकट.
कवडूआजा म्हणाले, फुकट कायले, चहा पाजू.
ठराव : चहा."

सह्यांच्या वेळी अंगठ्यांचे ठसे उठेचनात,
वेचून वेचून रेषा घासलेल्या.
कागदावर नुसते निळे गोळे.
प्रत्येक गोळ्यापुढं रविनानं नाव नाही, नातं लिहिलं :
नकुलची माय. अंजूची मावशी.
कवडूआजा, कोणाचेच नाहीत पण येतात.

केंद्रप्रमुखांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.
"मुताले?" एवढंच म्हणाले.
मी शुद्ध प्रत करून दिली :
स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीबाबत सविस्तर चर्चा होऊन
सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.
ती तालुक्याला फायलीत आहे.
तिच्यात कुत्रं नाही.

पुढच्या महिन्यात माणसं दुप्पट.
पहिला विषय नेहमीचा,
मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी शुद्ध प्रत उघडली तर शेवंताकाकू म्हणाली,
"ते नाई. पोट्टीनं लिवलं ते."

रविना वाचत गेली.
आपापलं वाक्य येईपर्यंत बाया दम धरून,
आलं की शेजारणीला कोपरानं ढोसत.
"मी अशी बोलली?"
"अशीच बोलली तू."
पाणी पीत नाही, या ओळीला
रविनाचा आवाज जरा बारीक झाला.
तिची माय शेकोटीत काडी सारत राहिली.
"कायम," पंचफुलाबाई म्हणाली.

तेवढ्यात पहिलीतली जोया
कवडूआजाच्या मांडीवरून उठली.
"कडी लय वर हाये."

दार लागलं होतं. निळा पत्रा, आतून कडी,
लावणाऱ्याच्या हाताच्या उंचीवर.
सभा तशीच उठून मागच्या अंगाला गेली,
बॅटऱ्या, पोरं, रजिस्टरसकट.
हसनचाचांनी नातीला दाराशी उभं केलं,
हात वर कर म्हणाले,
बोटांपाशी खडूनं खूण केली.
तिच्या पायांकडं पाहिलं.
मग खूण पुसून चार बोटं खाली केली.
"टाचा उचलल्या होत्या हिनं."

रविना अंधारात लिहीत होती.
मी बॅटरी तिच्या पानावर धरली.